वाळू सारखी करणारा टेकराम

टेकराम डोंगरवारने लांब उडीच्या खड्ड्याशेजारी उभं राहून अर्धी नोकरी काढली, पण उडी अशी त्याने एकही पाहिली नाही. पोरगी धावत आली, फळीवर पाय पडला, हवेत गेली, हे सगळं बाकीचे लोक पाहत. टेकराम मान खाली घालून वाळूकडे बघत उभा असे. धप्प आवाज झाला की एक पाऊल पुढे येई, वाकून खूण बघे आणि बोट ठेवी. उडी मारणारी कुठल्या शाळेची, हसते आहे की रडते आहे, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नसे. मी एकदा त्याला म्हटलं, अरे, कधी वरही बघत जा. त्यावर तो म्हणाला, "वर काय रायते, सर? जे होते ते खालीच होते."

टेकराम आमच्या शाळेत शिपाई होता. शाळा देवरी तालुक्यात, हमरस्त्यावरच्या फाट्यावर बस सोडून आत तासभर चालत जायच्या गावात. मी तिथे मराठी शिकवायला गेलो आणि क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे पहिल्याच वर्षी खेळांचा प्रभारी झालो. शिट्टी गळ्यात अडकवतात, एवढंच मला खेळांतलं ठाऊक होतं. बाकीचं टेकरामला ठाऊक होतं. चुन्याची फक्की मारून आखलेली त्याची रेघ एका टोकाला डोळा लावून पाहिली तरी हलत नसे. तालुक्याचे साहेब येत, मैदान बघत आणि माझी पाठ थोपटत. मीही थोपटून घेई. टेकराम तेव्हा हापशावर वाळू ओढायचं दाताळं धूत असे.

हे सगळं तो कुठल्या पुस्तकात शिकला नव्हता. घरी त्याच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, होती. रोवण्याच्या आधी बांधीतला चिखल सारखा करावा लागतो, नाहीतर एका कोपऱ्यातलं रोप बुडतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं वाळतं. गावातले लोक आपली बांधी नीट झाली की नाही ते दाखवायला टेकरामला बोलावून नेत. तो कडेच्या धुऱ्यावर उकिडवा बसे, नुसता बघे आणि बोट करी. "थो तिथं चढ हाय." तिथे चढ असे. उडीचा खड्डा त्याच्या हिशेबी पाचवी बांधी होती. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो खड्ड्याच्या मधोमध तांब्याभर पाणी ओती आणि ते कुठे पळतं ते बघत बसे. पाणी एका बाजूला सरकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाणी आहे तिथेच जिरलं की मग चहा घ्यायला येई.

वाळू सारखी करताना आपल्याच पायांचे ठसे राहू नयेत म्हणून तो उलटा चालत बाहेर येई. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की मुख्याध्यापकांच्या खोलीतूनही तो सही घेऊन उलटाच बाहेर पडे. त्यांना वाटे, हा आपला मान राखतो. त्यांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी टेकरामच्या नम्रतेचा खास उल्लेख केला. टेकराम त्या वेळी मागच्या रांगेतल्या खुर्च्या उचलत होता, आणि मागे मागे सरकत होता.

आता त्याच्या रबरांविषयी सांगायला हवं. परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांना जे रबर लावलेले येत, ते टेकराम कुणाला टाकू देत नसे. डाव्या मनगटावर चढवून ठेवी. कुठल्याही दिवशी बघा, पाच-सहा तरी असायचेच. कारण असं की आमच्याकडच्या पोरींच्या वेण्या तेव्हा कमरेपर्यंत असत. उडी मारून पोरगी वाळूत बसली की वेणी मागे पडे आणि वाळूत रेघ उठे. नियम असा आहे की वाळूतली जी खूण फळीच्या सर्वांत जवळ, तिथून माप. मग पाय कितीही पुढे पडलेले असोत. वेणीची खूण म्हणजे वीतभर नुकसान. मला हे नियमांचं पुस्तक वाचून कळलं, टेकरामला वाळू बघून. त्यामुळे स्पर्धेआधी तो पोरींना खड्ड्याच्या काठावर ओळीने बसवी आणि वेणीचे दोन वेढे घालून वर रबर चढवी. आपल्या शाळेच्या, दुसऱ्या शाळेच्या, सगळ्या. दुसऱ्यांच्या पोरींना कशाला रे, असं मी एकदा म्हणालो. "वाळू का आपल्या शाळेची हाय?" असं त्याने मलाच विचारलं. वाळू खरं म्हणजे नाल्यातली होती.

वादावादी झाली, एखादा मास्तर आपल्या पोरीसाठी भांडायला उठला, की टेकरामचं एकच वाक्य असे. "निशान ते निशान." आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. तो खुणेवर बोट ठेवून बसून राही, आणि समोरचा माणूस बोलून बोलून दमे.

टेकरामला एकच मुलगी, ममता. ती आमच्याच शाळेत होती. ती दहावीत असताना जे झालं ते मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो आहे, आणि आता कळतंय की अर्धंच सांगत आलो.

ममता लांब उडी चांगली मारायची. चांगली म्हणजे तालुक्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. त्या वर्षी ती गोंदियाला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरली. पहिल्या दोघींना नागपूरला विभागाच्या स्पर्धेला जायला मिळणार होतं. खड्डा सांभाळायला टेकरामच, कारण जिल्ह्याच्या लोकांनाही तोवर त्याची माहिती झाली होती. मापाच्या टेपचं फळीकडचं टोक माझ्या हातात होतं. सकाळी त्याने नेहमीप्रमाणे पोरींना ओळीने बसवून केस बांधले. ममताची वेणी सुटी होती, हे मला तिच्या शेवटच्या उडीला दिसलं. ती बसली, वेणी मागे पडली, ती उठली. पंच पायांच्या खुणेवर खिळा रोवायला वाकले. वेणीची रेघ त्यांना दिसली नव्हती. मला दिसली होती. मी गप्प राहिलो. आमच्या शाळेची पोर होती, आणि मला नागपूरही बघायचं होतं.

"सर, निशान मांगं हाय," टेकराम म्हणाला. हे तो मला म्हणाला नाही, पंचांना म्हणाला, पण मला ते लागायचं तिथे लागलं.

ममता तिसरी आली. दुसरीत आणि तिच्यात चार बोटांचं अंतर होतं.  दुसऱ्या दिवशी ममता शाळेच्या कार्यालयातली गठ्ठे कापायची कात्री मागून घेऊन गेली, आणि परत द्यायला आली तेव्हा तिचे केस मानेपर्यंत होते. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. त्यानंतर ती खड्ड्याकडे फिरकली नाही.

सव्वीस जानेवारीला मी टेकरामच्या प्रामाणिकपणावर भाषण केलं. पोटच्या पोरीचीही गय केली नाही वगैरे. भाषण चांगलं झालं असं सगळे म्हणाले. ममता मुलींच्या रांगेत उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडेही बघत नव्हती. ती पुढच्या पोरीच्या वेणीकडे बघत होती. हे मला तेव्हा दिसलं होतं, फक्त कळलं नव्हतं.

बापलेकीत भांडण असं काही झालं नाही. पण ममता त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. जेवण वाढलं. दिवे गेले. मामा आले. ती नागपूरला नर्सिंग शिकायला गेली, नोकरी लागली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर परदेशात गेली. फोन करायची तो आईला. "बाबा कसे हायेत?" असं विचारायची, आणि शेजारी बसलेला टेकराम बायकोला म्हणायचा, "बरा हाय म्हन." दोघांचं बोलणं एवढंच. टेकराम निवृत्त झाला त्या दिवशी सगळ्यांनी त्याला हार घातले, कुणी तरी विचारलं, आता काय राहिलं? सगळे हसत होते. टेकराम हसला नाही. नंतर बाहेर मला एकट्याला म्हणाला, "नोकरीतलं काई नाई राह्यलं, सर. फकत ममता बोलत नाई." मी त्याला म्हणालो की तू योग्य तेच केलंस, एक दिवस तिला कळेल. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि हो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी ममताला बाळ होणार म्हणून टेकराम आणि त्याची बायको, देवकावहिनी, तिकडे गेले. कुठल्या देशात, ते टेकरामच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. तो त्या देशाला "ममताचा गाव" म्हणतो. ममताच्या गावी रात्री नऊलाही ऊन रायते. ममताच्या गावचा राजा सायकलीनं जाते म्हनते. विमानतळावर तपासणीसाठी त्याला मनगटावरचे रबर काढायला लावले. त्याने ते ट्रेमध्ये ठेवले, यंत्राच्या पलीकडे जाऊन पुन्हा मोजून चढवले, आणि मागे मोठी रांग खोळंबली. मोजले कशाला, असं वहिनींनी विचारलं. शाळेचे आहेत, असं तो म्हणाला.

बाळ झालं. मुलगी. वहिनी बाळात गुंतल्या आणि टेकरामला काम उरलं नाही. ममताच्या घरासमोर मुलांना खेळायला वाळूचा चौकोन होता. टेकरामने आजूबाजूला पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तो सारखा करायला घेतला. बागेतलं एक दाताळं त्याला मिळालं होतं. मुलं यायच्या आत वाळू ताटासारखी करायची आणि उलटं चालत बाहेर यायचं. शेजारच्या लोकांना वाटलं की नगरपालिकेने नवीन माणूस ठेवला. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र दोन-तीन दिवस खिडकीतून हे बघितलं, मग खाली येऊन हात मागे बांधून उभी राहिली. ही बाई तिथल्या मैदानी खेळांच्या मंडळातली होती. सगळ्यांना कामं सांगत फिरायची, म्हणून टेकराम तिला पाटलीनबाई म्हणू लागला. त्या उन्हाळ्यात त्या शहरात कसली तरी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि तिथे बिनपगारी काम करायला शेकडो माणसं हवी होती. पाटलीनबाईने ममताला सांगितलं, या गृहस्थांना मी नेणार.

ममताने फॉर्म भरला. मनापासून भरला असं नाही. लांब उडीचा खड्डा, हे शब्द त्या दोघांमध्ये इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले, तेही फॉर्मवर. प्रशिक्षणाच्या दिवशी ती दुभाष्या म्हणून त्याच्या शेजारी बसली. नियम पुष्कळ होते, पण एक नियम तीनदा सांगितला गेला आणि तिने तो तीनदा आमच्याकडच्या झाडीबोलीत आणला. खेळाडूंशी बोलायचं नाही. त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. टेकराम म्हणाला, "मी कायले बोलन? मले काय येते बोलता?" इंग्रजीतले त्याला येणारे शब्द म्हणजे फाउल, मेजर आणि नेक्स्ट. खड्ड्यावर तेवढे पुरतात.

निळा शर्ट, निळी टोपी आणि गळ्यात फोटोचं कार्ड. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या, त्यामुळे रबर झाकले गेले. तिथला खड्डा बघून टेकराम खूश झाला. वाळू धुतलेली, बारीक, एक खडा नाही. सारखी करायला चौघं होते, आणि सारखी झाली का ते बघायला एक लांब फळी होती, तिच्यात काचेच्या नळीतला बुडबुडा, तो मधोमध आला की सपाट. पहिल्या दिवशी चौघांनी काम केलं, बुडबुडा मधोमध आला, सगळे उभे राहिले. टेकराम मान हलवत होता. त्याने आपली पाण्याची बाटली उघडली आणि खड्ड्याच्या मधोमध ओतली. धावपळ उडाली. पाटलीनबाईला बोलावलं. ती येऊन बघते तर पाणी डावीकडच्या कोपऱ्यात सरकलं होतं. तिने फळी पुन्हा लावून घेतली, या वेळी आडवी. बुडबुडा सरकला. तिने कुणाला काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून टेकरामला दोन बाटल्या मिळू लागल्या. एक प्यायची.

हे सगळं मला वहिनींनी फोनवर सांगितलं. स्पर्धा टीव्हीवर दिसेल म्हणाल्या, म्हणून मी गोंदियाजवळ फुलचूरच्या माझ्या घरी सहकुटुंब टीव्हीसमोर बसलो. शेजारच्यांनाही बोलावलं. आमचा टेकराम म्हणून मी त्यांना निळ्या टोप्या दाखवत होतो. चारही टोप्या सारख्याच होत्या. एक टोपी मात्र उडी सुरू असताना खाली बघत असे. तोच, असं मी सांगितलं. शेजारी म्हणाले, थोबडा तो दिखाव गुरुजी. चेहरा काही दिसला नाही.

पुढचं मला दिसलं नाही, कारण बायांच्या पात्रता फेरीच्या वेळी आमच्याकडे लाइन गेली. ते ममताने सांगितलं. ती त्या दिवशी बाळाला आणि आईला घेऊन प्रेक्षकांत, बरोबर खड्ड्यासमोर बसली होती.

एक उंच पोरगी होती. केसांच्या बारीक बारीक शंभरेक वेण्या, कमरेखाली आलेल्या, सुट्या. प्रत्येकीला तीन उड्या. तिची पहिली फाउल गेली. दुसरी लांब पडली, प्रेक्षक ओरडले, पण वेण्या मागे वाळूत झाडू मारल्यागत पडल्या आणि कॅमेऱ्याने माप तिथून घेतलं. फलकावर आकडा आला तो हातभर कमी. ती फलकाकडे बघत राहिली. तिचा प्रशिक्षक कठड्यावरून ओरडून काहीतरी सांगत होता, आणि त्या गलक्यात तिला ऐकू येत नव्हतं. एक उडी उरली होती.

टेकरामने वाळू सारखी केली, उलटा चालत बाहेर आला, दाताळं खाली ठेवलं. मग बाही वर सारली. ममता सांगते, बाही वर गेली तेव्हाच तिला कळलं. ती उभी राहिली आणि वरून "बाबा, नको" म्हणाली, पण त्या एवढ्या मोठ्या मैदानात ते कुणाला ऐकू जाणार.

टेकराम सरळ चालत त्या पोरीच्या बाकापाशी गेला. आधी त्याने रबर तिच्यापुढे धरला, मग स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं, मग वाळूकडे. तिला काही समजलं नाही. मग तो तिच्या मागे गेला आणि, आयुष्यभर जसं म्हणत आला तसं, "बस पोरी" म्हणाला. ती बसलेलीच होती. त्याने त्या शंभर वेण्या दोन्ही हातांत गोळा केल्या, दोन वेढे दिले आणि आमच्या शाळेच्या सहामाहीच्या गठ्ठ्याचा रबर वर चढवला. एकाने भागलं नाही म्हणून दुसरा चढवला. ती पोरगी मुकाट्याने बसून राहिली. कदाचित तिला लहानपणी असं बांधून देणारं कुणी असेल.

तोवर दोन अधिकारी धावत आले होते. त्यांनी टेकरामच्या दंडाला धरलं नाही, सभ्य लोक होते, पण दोन्ही बाजूंनी उभे राहिले. कार्ड काढून घेतलं. टेकरामने वाद घातला नाही. तो त्यांच्याबरोबर मैदानाबाहेर निघाला, आणि निघाला तोही उलटा, खड्ड्याकडे तोंड करून. त्या पोरीने तिसरी उडी मारली तेव्हा तो आतल्या बोळात खुर्चीवर बसून पाटलीनबाईची वाट बघत होता. ती पोरगी पुढच्या फेरीत गेली. तिथे ती कितवी आली ते टेकरामला आजही माहीत नाही. त्याने विचारलेलं नाही.

पाटलीनबाईने त्याला घरी पाठवू दिलं नाही. खड्ड्यावरून काढून त्याला मागच्या गोदामात टाकलं, फेकून आलेले भाले पुसायला. तिथून मैदान दिसत नाही, नुसता आवाज येतो. उरलेले चार दिवस टेकरामने भाले पुसले. बरं काम होतं म्हणतो. भाल्याच्या टोकाला माती लागलेली असते, तिच्यावरून कळतं कसा पडला ते.

खड्ड्यावरून काढल्याच्या दिवशी घरी जाताना ट्राममध्ये ममता त्याच्या शेजारी बसली. वहिनी बाळाला घेऊन पुढच्या बाकावर होत्या. चार थांबे गेले. मग ममता म्हणाली, "त्या पोरीले बांधून देल्ली, बाबा. मले काऊन नाई देल्ली?"

पुढे गावी आली तेव्हा ममताने मला हे सांगितलं, आणि मी तिला म्हणालो, म्हणजे? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात चुकीचं उत्तर दिलंय. त्या दिवशी गोंदियाला, ती म्हणाली, बाबांनी सगळ्या पोरींना ओळीने बसवलं. मी ओळीत शेवटची होते. माझ्याजवळ आले आणि पुढे निघून गेले. हातात रबर होते. मला वाटलं, परत येतील. मी बसून राहिले. मग माझं नाव पुकारलं.

तर ही गोष्ट मी इतकी वर्षं अर्धी सांगत होतो. बापाने खूण दाखवली म्हणून ती रागावली असं मी धरून चाललो होतो, आणि त्यावर भाषणं ठोकत होतो. खुणेबद्दल तिची तक्रारच नव्हती. निशान ते निशान, हे तिने बापाकडूनच घेतलं होतं. तिची तक्रार एका रबराची होती. सगळ्या जिल्ह्याच्या पोरींना जे मिळालं, ते तिला मिळालं नाही, कारण ती त्याची होती.

"मग काय म्हणाला तो?" मी विचारलं.

ममता म्हणाली, "म्हनले, भेलो होतो, बाई. लोक म्हनतीन, पोरीचं पाहून राह्यला."

एवढंच. टेकरामने माफी मागितली नाही, कारण ती कशी मागतात हे त्याला ठाऊक नाही. पण भ्यालो होतो, हे त्याने आयुष्यात दुसऱ्या कुणापुढे कबूल केल्याचं मला माहीत नाही. मीही त्या दिवशी भ्यालो होतो, टेप धरून. मला कुणी विचारलं नाही, म्हणून माझं झाकून राहिलं.

गेल्या हिवाळ्यात ममता लेकीला घेऊन गावी आली. टेकरामने फोन करून मला बोलावलं. मी बसने फाट्यावर उतरलो, तर दोघंही मला घ्यायला आलेले, ममता दुचाकी गाडी चालवत होती आणि टेकराम मागे बसला होता. तिघं कसे जाणार म्हणून मग आम्ही चालतच गेलो, ममताने गाडी ढकलत आणली. वाटेत दोघं बोलत होते. काय बोलत होते म्हणाल तर बांधीतल्या पाण्याबद्दल, बाळाच्या दातांबद्दल, महत्त्वाचं काही नाही. मला मध्ये बोलायला जागा मिळत नव्हती. मी आनंदाने मागे मागे चालत होतो.

शाळेपाशी आल्यावर ममता थांबली. रविवार होता, मैदानात शेळ्या होत्या. खड्डा तिथेच आहे. टेकराम निवृत्त होऊनही तो गवत वाढू देत नाही. ममताने गाडी उभी केली, चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली. ती आता पस्तिशी ओलांडलेली, एका लेकराची आई, एका मोठ्या दवाखान्यात दहा नर्सेस हाताखाली असलेली बाई. मी म्हणालो, अगं पाय मोडेल. तिने ऐकलं नाही. टेकराम शाळेच्या मागून दाताळं आणि टेप घेऊन आला. त्याने वाळू सारखी केली, हापशावरून पाणी आणून मधोमध ओतलं आणि ते तिथेच जिरेपर्यंत आम्हाला थांबवून ठेवलं.

मग ममता धावायला मागे न जाता खड्ड्याच्या काठावर येऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून.  टेकरामने बाही वर सारली. ममताचे केस अजून मानेपर्यंतच आहेत, तिने पुन्हा कधी वाढवले नाहीत. त्यांचा अंबाडा काय होणार. पहिला रबर निसटला. दुसराही निसटला आणि वाळूत पडला. तो टेकरामने वाकून उचलला, झटकला, आणि पुन्हा लावला. बराच वेळ लागला. ती हलली नाही. शेवटी मागे केसांचा एक बोटभर झुपका उभा राहिला. वाळूला लागण्याची त्याला कसलीच भीती नव्हती.

टेकरामने तो नीट बसला आहे ना ते दोनदा बघितलं. मग दाताळं घेऊन तो आपल्या जागेवर गेला, मान खाली घातली आणि वाळूकडे बघत मला म्हणाला, "सर, टेप धरा."